प्रोफेसरांची निळी पेन्सिल

आमच्या नेपरव्हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक मेलेला माणूस राहतो, असं माझी बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात, मीही हसतो. पण शनिवारी सकाळी चहाचा मग घेऊन खाली उतरताना मी शेवटच्या पायरीवर हळूच खाकरतो. कुणाच्या खोलीत शिरण्याआधी आपण खाकरतो ना, तसा. ही सवय कधी लागली ते सांगता येणार नाही. मुलगी लहान असताना खाली खेळायला जायची नाही. "बाबा, इट्स क्रीपी डाउन देअर," म्हणायची. मी तिला रागवायचो, कारण ती खरं बोलत होती.

खाली दोन भिंतींना कपाटं आहेत आणि त्यांत माझ्या संगीताच्या प्रोफेसरांचे दोनशेच्या वर स्कोअर आहेत. स्कोअर म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येक वाद्यानं काय वाजवायचं ते एकाखाली एक छापलेलं जाडजूड पुस्तक. वाजवणाऱ्यांपुढे फक्त आपापला पार्ट असतो. सगळं एकत्र दिसतं ते एकट्या कंडक्टरला. म्हणून तो त्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करतो, कुणाला कधी आत घ्यायचं, कुणाला दाबायचं. प्रोफेसर लाल आणि निळी पेन्सिल वापरत. लाल म्हणजे जोर, निळी म्हणजे सांभाळून. आणि कडेला शेरे, इंग्रजीत, बारीक तिरक्या अक्षरात. 'हॉर्न आज प्यायलेला आहे.' 'बासरी! बासरी!' 'इथे मी मूर्खासारखी घाई केली.' 'पाऊस, हॉल अर्धा रिकामा, तरी छान.' ते पेन्सिल इतकी दाबून धरत की पानाच्या मागच्या बाजूला अक्षर उमटायचं. त्यावरून बोट फिरवलं की हाताला लागतं.

या माणसाला जाऊन तेवीस वर्षं झाली. हयात असताना त्यांनी मला एकदाही 'छान' म्हटलं नाही. गेल्यावर मात्र सगळे स्कोअर माझ्या दारात येऊन पडले, एकोणीस खोक्यांत, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. मलाच का? हा प्रश्न मी त्या खोक्यांबरोबरच घरात घेतला आणि तो अजून बाहेर गेला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात मी प्रत्येक स्कोअरचं प्रत्येक पान चाळलं. संगीतासाठी चाळत होतो असं बायकोला सांगायचो. खरं म्हणजे मी माझं नाव शोधत होतो. ओबोवाल्याचं नाव होतं, हार्प वाजवणाऱ्या बाईंचं होतं, दोन नंबरच्या ट्रॉम्बोनवाल्याच्या कुत्र्याचंसुद्धा होतं. माझं कुठेही नव्हतं.

मी या देशात आलो तो इंजिनियरिंगची पुढची पदवी घ्यायला. पुण्यात एका गोव्याच्या सरांकडे नऊ वर्षं व्हायोलिन शिकलो होतो, ते व्हायोलिन सुटकेसमध्ये स्वेटरात गुंडाळून आणलं होतं. युनिव्हर्सिटीचा ऑर्केस्ट्रा विद्यार्थी आणि गावकरी मिळून चालायचा, आणि प्रोफेसर तो चालवायचे. त्यांनी माझं वाजवणं दोन मिनिटं ऐकलं, बोटानं मागची खुर्ची दाखवली आणि पुढच्याला बोलावलं. सेकंड व्हायोलिन, शेवटचं डेस्क.

डेस्क म्हणजे दोघांत मिळून एक स्टँड. दोघं वाजवतात, पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा थांबतो, पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो. पण आमची संख्या विषम होती, म्हणून शेवटच्या डेस्कवर मी एकटा. वाजवायचंही मीच आणि पान उलटायचंही मीच. त्या जुन्या छपाईत पान कुठे संपवावं याचा विचार केलेला नसे. ऐन सुरात पान संपायचं. मी उलटायला जायचो, पुढचा सूर हुकायचा, आणि हळू वाजवायच्या जागी एकटा मी उशिरा टपकायचो. प्रोफेसर चष्म्यावरून बघायचे. काही बोलायचे नाहीत.

आता कुणीही म्हणेल की पुढच्या पानाची झेरॉक्स काढून शेजारी ठेवायची. मला ते सुचलं नाही असं नाही. पण झेरॉक्स मागायची कुणाकडे? आमच्या घरात मागणं म्हणजे कमीपणा. पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा भाजी हवी असली तरी 'नको नको, झालं' म्हणायचं, हे वळण. त्यामुळे मी अपार्टमेंटमध्ये इस्त्रीच्या टेबलावर पार्ट ठेवून पान उलटायचा सराव केला. दहा दिवस, रोज शंभर वेळा. रूममेट नागपूरचा होता, तो म्हणायचा, "यार, लोक व्हायोलिनची प्रॅक्टिस करतात." आणि कॉन्सर्टच्या दिवशी मी एकदाही हुकलो नाही. प्रोफेसरांच्या हातातल्या कंडक्टरच्या काठीकडे बघायचं भानच नव्हतं. मी फक्त पानाकडे बघत होतो. पुढे कित्येक वर्षं मराठी मंडळातल्या मेजवान्यांत मी हा किस्सा रंगवून सांगितला आहे. जिद्द, मेहनत, वगैरे. लोक आपल्या मुलांना बोलावून ऐकवायचे.

शिकलो, नोकरी लागली, दिवसा पूल बांधणाऱ्या कंपनीत बसलो. पण प्रोफेसरांच्या काठीनं डोक्यात घर केलं होतं. सुट्टीत त्यांच्याकडे जाऊन शिकायचो. ते पियानोपाशी बसून शिव्या द्यायचे आणि मी हवेत हात फिरवायचो. पियानोवर त्यांच्या धाकट्या भावाचा फोटो होता, लष्करी वेषातला. तो युद्धावरून परत आला नव्हता, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. पुढे मला शिकागोच्या पश्चिमेकडच्या या उपनगरांत एक ऑर्केस्ट्रा मिळाला. शिक्षक, डॉक्टर, इंजिनियर, दोन पोलीस. मंगळवारी संध्याकाळी हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये तालीम, वर्षात चार कॉन्सर्ट. आमच्यातले लोक विचारायचे, "म्हणजे तू वाजवत काहीच नाहीस?" वाजवत नाही. नुसते हात हलवतो.

तेही माझे नव्हते. खोकी आल्यापासून मी प्रोफेसरांच्याच स्कोअरवरून कंडक्ट करू लागलो. लाल खूण आली की माझा हात उठायचा, निळी आली की तळवा आपोआप खाली वळायचा. एकदा त्यांच्या काळातली एक म्हातारी चेलोवादक कॉन्सर्टला आली होती. नंतर भेटली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, पाठमोरा तू अगदी तोच आहेस, मला बघवेना. मी खूश व्हायला हवं होतं. घरी येताना गाडीत मी आरशात स्वतःकडे दोनदा बघितलं.

आणि त्या स्कोअरांत एक जागा होती. एका ऑस्ट्रियन सिम्फनीचा संथ भाग. सगळं वाजून विरतं, आणि पुढच्या पट्टीत, म्हणजे छापलेल्या दोन उभ्या रेघांमधल्या पुढच्या घरात, फक्त सेकंड व्हायोलिन अगदी हळू सुरू करतात. छापील स्कोअरमध्ये तिथे थांबा नाही. पण प्रोफेसरांनी दोन पट्ट्यांच्या मध्ये निळी उभी रेघ मारली होती आणि वर तीन इंग्रजी शब्द लिहिले होते. त्याच्यासाठी थांबायचं. पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटायला आला होता.

कुणासाठी? मला शंका नव्हती. पियानोवरचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे होता. जो आला नाही त्याच्यासाठी हा माणूस भर कॉन्सर्टमध्ये साठ लोकांचे हात अधांतरी धरून थांबत होता. मला भरून आलं. मीही थांबू लागलो. वीस वर्षांत ती सिम्फनी आम्ही सात-आठ वेळा केली, आणि दर वेळी तिथे मी काठी वर धरून उभा राहिलो. ऑडिटोरियममध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता व्हायची. गावातल्या पेपरानं त्या शांततेवर एकदा लिहिलंसुद्धा, मृत्यूचं भान वगैरे. लोक मला त्या थांबण्यासाठी ओळखू लागले. आणि तेवढ्या वेळात, हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, माझ्या डाव्या खांद्यामागे कुणीतरी येऊन उभं राहायचं. श्वास ऐकू यायचा. कधी वाटायचं प्रोफेसर आहेत, कधी तो लष्करी वेषातला मुलगा. मी घाबरायचो आणि पुढच्या खेपेला परत त्याचीच वाट बघायचो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या ऑर्केस्ट्रात एक काका वाजवायला आले. मूळचे नागपूरचे, इथे भूल देणारे डॉक्टर म्हणून चाळीस वर्षं काम करून रिटायर झालेले. लहानपणी शिकलेलं व्हायोलिन त्यांनी पुन्हा काढलं होतं. "लोकांना झोपवायची सवय आहे मला, ऑडियन्सला सांभाळून घे," असं म्हणत आले. घरी मला अरे-तुरे करायचे, तालमीत मात्र 'सर'. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरच्या मंगळवारीसुद्धा काका तालमीला आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगा बॉथेलला, मुलगी न्यू जर्सीत. मंगळवारची संध्याकाळ सोडली तर त्यांच्या आठवड्यात काय होतं, मला माहीत आहे. काही नव्हतं.

पण त्यांचे हात थरथरू लागले. जलद भागात ते मागे पडायचे, कधी भलत्याच ठिकाणी आत यायचे. मी दोन हिवाळे चालवून घेतलं. यंदा फेब्रुवारीत, तीच सिम्फनी बसवत असताना, मी तालमीनंतर त्यांना पार्किंग लॉटमध्ये गाठलं. बर्फ पडत होतं आणि ते गाडीची काच खरवडत होते.

"काका, या सीझनला जरा ब्रेक घ्या ना. फास्ट मूव्हमेंटला तुम्हाला त्रास होतोय."

"म्हणजे काढतोयस?"

"काढत नाही हो. थोडी रेस्ट. समरनंतर बघू."

त्यांनी खरवडणी डिकीत ठेवली. हातमोजे नीट बसवले. "ठीक आहे, सर," म्हणाले आणि गेले. मी गाडीत बसून स्वतःला सांगितलं की प्रोफेसरांनी हेच केलं असतं. ते कडक होते, त्यांनी कुणाची गय केली नाही, आणि त्यांची काठी माझ्या हातात आहे. एवढं बोलल्यावर मला बरंच वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते.

मार्चमध्ये माझ्या जुन्या युनिव्हर्सिटीच्या संगीत लायब्ररीतून ईमेल आला. प्रोफेसरांचे स्कोअर पुढेमागे त्यांना द्यायचं माझ्या मनात होतं, म्हणून त्या लायब्ररियन बाईंची ओळख होती. बाई ऑर्केस्ट्राचे जुने पार्ट आवरत होत्या आणि एका पार्टवर त्यांना न वाचता येणारी लिपी सापडली होती. ही हिंदी आहे का, अर्थ सांगाल का? सोबत फोटो.

हिंदी नव्हती. माझं अक्षर होतं. मी तेवीस वर्षांचा असतानाचं, गिचमिड, पेन्सिलीतलं. सेकंड व्हायोलिन, त्याच सिम्फनीचा संथ भाग, पानाचा अगदी तळ. मी लिहिलं होतं, 'पान!! लवकर उलट. म्हातारा बघतोय.' कुणाला वाचता येऊ नये म्हणून मराठीत.

मी फोटोतला पट्टीचा आकडा बघितला. मग खाली गेलो. त्या दिवशी खाकरलो नाही. स्कोअर काढला, निळ्या रेघेशी बोट ठेवलं. तोच आकडा. माझ्या पार्टमधलं पान जिथे संपत होतं, तिथेच थांबा होता. प्रोफेसर प्रत्येक स्कोअरच्या शेवटच्या पानावर कधी आणि कुठे वाजवलं त्याची नोंद करत. या सिम्फनीखाली एकच नोंद होती, माझ्या पहिल्या वर्षाची.

तरी माझा विश्वास बसेना. त्या काळी पहिल्या व्हायोलिनवर बसणाऱ्या बाई अजून आहेत, ॲरिझोनात, पंच्याऐंशीच्या पुढे. मी त्यांना फोन लावला. विचारलं, प्रोफेसर त्या जागी का थांबायचे?

"तुला कुणी सांगितलंच नाही?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. एका तालमीला मी परीक्षेमुळे गेलो नव्हतो. त्या दिवशी प्रोफेसरांनी काठी ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, शेवटच्या डेस्कवरचा मुलगा एकटा आहे, त्याला पान उलटायला वेळ पुरत नाही. तिथे आपण त्याच्यासाठी थांबू. ओबोवाला म्हणाला, त्याला पानाची कॉपी काढून द्या की. प्रोफेसर म्हणाले, त्यानं मागितली तर देऊ. तो मागणाऱ्यातला नाही. तोवर थांबू. आणि त्याला कुणी सांगायचं नाही, तो लाजेनं मरेल.

"वुई ऑल वेटेड फॉर यू, डिअर," त्या म्हणाल्या. "सगळे, अगदी ड्रमवाल्यापर्यंत."

मी बेसमेंटमधल्या खुर्चीवर बसून राहिलो. वीस वर्षं ज्याच्या येण्यानं माझ्या मानेवर काटा यायचा तो कुणी मेलेला नव्हता. मीच होतो, स्वेटर घातलेला, दोन्ही हात गुंतलेला, पानाशी झटापट करणारा. दहा दिवस इस्त्रीच्या टेबलावर केलेल्या मेहनतीचा किस्सा मी किती जणांना ऐकवला होता! मी वेळेवर पोचलोच नव्हतो. साठ माणसांनी मला पोचू दिलं होतं. मला रडू आलं, आणि रडताना पहिल्यांदा कळलं की मी काकांना काय केलं होतं. त्यांच्या जागी मी होतो. आणि मी थांबलो नव्हतो.

रविवारी सकाळी काकांच्या घरी गेलो. फोन न करता, कारण फोनवर ते 'ठीक आहे, सर' म्हणाले असते. त्यांनी दार उघडलं, "अरे, ये ये," म्हणाले, जणू काही झालंच नव्हतं. चहा त्यांनीच केला. कप आणताना बशीत बराच चहा सांडला, तो दोघांनाही दिसला नाही असं आम्ही वागलो. कोपऱ्यातला स्टँड रिकामा होता.

"व्हायोलिन नातीला पाठवलं, बॉथेलला," ते म्हणाले. "तिच्या हाताला मोठं होईल थोडं. पण वाढेल ती."

"काका, परत या. माझं व्हायोलिन देतो. फास्ट मूव्हमेंटला वाजवू नका, नुसते बसा. जिथे जमेल तिथे वाजवा."

"नको रे. आता हात ऐकत नाहीत. तू बोललास ते करेक्टच होतं."

"करेक्ट नव्हतं."

खिडकीबाहेर अंगणातलं बर्फ कडेनं वितळत होतं. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि चेहरा एकदम खुलला.

"तुला एक सांगू? मी कधी बोललो नाही. ती स्लो मूव्हमेंट आहे ना, तिथे तू माझ्यासाठी थांबायचास. मी सेकंड व्हायोलिनच्या शेवटच्या डेस्कवर एकटा, पान उलटायला कोणी नाही. पहिल्या वर्षीच माझ्या लक्षात आलं होतं. घरी येऊन हिला म्हटलं, बघ, एवढ्या लोकांसमोर सगळा ऑर्केस्ट्रा होल्ड करून ठेवतो पोरगा माझ्यासाठी, आणि एका शब्दानं बोलून दाखवत नाही. ही म्हणाली, संस्कार असतात. काही झालं तरी तेवढी एक जागा माझी कधी चुकली नाही. चुकली का?"

"नाही काका. कधीच नाही."

"तू थांबायचास ना पण? का मलाच आपलं वाटायचं?"

वीस वर्षं मी एका निळ्या रेघेसाठी थांबलो होतो. मागे कोण बसलंय, त्याचं पान संपलंय का, हे मी एकदाही बघितलं नव्हतं. खरं सांगायला हवं होतं.

"तुमच्यासाठीच थांबायचो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. समाधानानं, सावकाश, दोन-तीनदा. कपातला शेवटचा घोट घेतला, कप बशीत ठेवला. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"मग काढलंस कशाला रे?"

काकांनी हात मांडीवर ठेवले आणि ते थांबले. त्यांना कुठलीच घाई नव्हती.